आबा असताना आणि आबा नसताना

एप्रिल सरता सरता आसेगावात एक बातमी फिरायला लागली, की रंजीता राठोडच्या कॉम्प्युटरात चाळीस खोटे शेतकरी राहतात.

बातमी निघाली पवनच्या चहाच्या टपरीवरून. स्टँडसमोर जगदेव आबांच्या घराची रस्त्याकडची खोली आहे, तिथं रंजीता बसते. त्या खोलीच्या खिडकीतून एक छापील कागद उडाला आणि सरळ पवनच्या दुधाच्या पातेल्याशी येऊन चिकटला. पवननं तो सोडवला, शर्टाला पुसला आणि गिऱ्हाइकांना मोठ्यानं वाचून दाखवला. नाव, गोमतीबाई चव्हाण. पीक, सोयाबीन. जमीन, नऊ हजार एकर. वय, दोनशे चौदा.

"पाहा गा!" पवन म्हणाला. "दोनशे चौदा वर्साची बाई नऊ हजार एकर पेरून राह्यली, अन् आमच्या बुढ्याचे पन्नाशीतच गुडघे धरले."

संध्याकाळपर्यंत चाळीसाचे चारशे झाले. कोणी म्हणालं, रंजीता त्यांच्या नावानं विमा उचलते. कोणी म्हणालं, विमा नाही, अनुदान. एका गृहस्थानं तर शपथेवर सांगितलं, की त्याच्या मेव्हण्यानं त्यातला एक खोटा शेतकरी मेडशीच्या एसटीत पाहिला, खिडकीजवळ बसून शेंगा खात होता.

आता खरं काय ते सांगते. शेतकरी होते. चाळीसच होते. खोटेही होते. पण त्यांच्यापैकी एकाचाही फॉर्म त्या खोलीच्या बाहेर गेला नाही, पातेल्याला चिकटलेला तेवढा सोडून. हे काम चालू असताना रंजीता इंटरनेटची तारच काढून ठेवायची. विम्याच्या शेवटच्या दिवशी ऑनलाइन सेंटरवर झुंबड उडते ना, तशी झुंबड तिला मशीनवर आणायची होती. म्हणून एक बटन दाबलं की चाळीस फॉर्म एकदम भरले जायचे, तपासले जायचे, छापायला लागायचे आणि रंजीता घड्याळ लावून बसायची. नावं आणि वयं कॉम्प्युटर आपल्या मनानं टाकायचा. त्याला माणूस किती वर्षं जगतो हे कोणी सांगितलेलं नव्हतं, आणि प्रिंटरला वयाशी काही घेणंदेणं नसतं.

थोडक्यात, परीक्षा शेतकऱ्यांची नव्हती. मशीनचीसुद्धा नव्हती. मशीनच्या आत जो कारभारी बसलेला असतो, त्याची होती.

हे गावात पहिल्यांदा कळलं ते जगदेव आबांना. खोली त्यांची. पूर्वी तिथं खताच्या गोण्या असायच्या, अजूनही पाऊस झाला की भिंतींना युरियाचा वास सुटतो. आबा पंचाहत्तरीचे, अंगानं भरलेले, आणि बोलताना मधेच असे थांबतात की समोरच्याला वाटावं संपलं, तो बोलायला तोंड उघडतो आणि आबा पुढचं सुरू करतात. रोज दुपारी एकच्या ठोक्याला जेवण उरकून ते रंजीताच्या खोलीत येतात. घरात कूलर नाही असं नाही, पण घरातल्या कूलरसमोर सून असते आणि तिच्यासमोर धोतर गुडघ्यावर घेऊन पसरता येत नाही.

"काय व पोरी," खुर्चीत बसत आबांनी एक दिवस विचारलंच, "तू दिवसभर घड्याळ पाह्यते अन् लिव्हते. घड्याळ पाह्यते… अन् लिव्हते. कोनाची परीक्षा हाय हे?"

"कर्नेलची, आबा."

"कोन थो?"

रंजीतानं पेन कानामागे अडकवलं. "मुकादम समजा. माह्या बापूसारखा."

तिचे वडील लखीराम हे ऊसतोडीचे मुकादम. दिवाळी झाली की तांड्यावरची वीस जोडपी ट्रकमध्ये घालून घाटावर नेतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत आणतात. रंजीता सातवीपर्यंत त्या टोळीबरोबर फिरली, मग वाशीमच्या वसतिगृहात राहिली आणि कॉम्प्युटरची पदवी घेऊन तांड्यावर परत आली. त्यामुळे मुकादम हा शब्द तिच्या तोंडात बसलेला होता.

"कॉम्प्युटरात एका वक्तीच शंभर कामं येते," ती म्हणाली. "कोनाले पह्यले घ्याचं, कोनाले थांबवाचं, कोनाले किती जागा द्याची, हे कर्नेल ठरवते. स्वतः कोयता मारत नाही. पन त्याच्याबिगर टोळी हालत नाही."

"अन् आता नवा मुकादम आला."

"हाव. जुना बी हाय, नवा बी हाय."

"मंग पाहाचं काय त्याच्यात? ज्याची टोळी जास्त ऊस तोडते… थो चांगला."

"एवढं सोपं नाही, आबा. कोनी मुकादम बारकी-बारकी कामं झपाझप उरकते, पन एक मोठं काम आलं की त्याची तारांबळ. कोनाचं उलटं. म्हून तीन जातीचं काम देऊन पाह्यते."

पहिलं काम चाळीस शेतकऱ्यांचं. दुसरं, तांड्यावरच्या अमरसिंगच्या लग्नाचा सव्वादोन तासांचा व्हिडिओ दाबून लहान करायचा. हे एकच पण जड काम. तिसरं, नऊ हजार फोटो एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायचे. जुन्या कर्नेलवर तिन्ही कामं, मग मशीन बंद करून नव्या कर्नेलवर तीच तिन्ही कामं, आणि प्रत्येकाचा वेळ वहीत. आबांना यातलं लग्न सगळ्यात आवडलं. आल्या आल्या विचारायचे, "आज लागलं काय व लग्न?" अमरसिंगच्या बायकोनं एकदा दारातूनच सुनावलं, "आमचं एकदाच लागलं होतं बाप्पा, तुमी किती डाव लावून राह्यले?"

हे सगळं रंजीता कोणासाठी करत होती, तर पुण्याच्या एका कंपनीसाठी. गावोगावच्या लहान सेंटरांवर जी जुनीपुरानी मशीनं आहेत ती नीट चालावीत म्हणून ही कंपनी त्यांच्यात घालायची यंत्रणा बनवते. मुलाखतीत रंजीतानं त्यांना तोंडावर सांगितलं होतं, की तुम्ही खेड्यातल्या मशीनची परीक्षा एसीत बसून घेता, हे म्हणजे उसाच्या फडातला कोयता देवघरात चालवून पाहण्यासारखं आहे. मशीन जिथं राबतं तिथंच मोजलं पाहिजे. त्यांना ते पटलं, निदान अर्धं पटलं. त्यांनी एक मशीन आसेगावला पाठवलं आणि तीन महिने दिले. मेअखेर ठरवायचं होतं, की गावात बसून हे काम होतं की नाही. होत असेल तर रंजीता कायम, तिथूनच. नसेल तर मशीन परत.

रंजीताला पुणं नको होतं असं नाही. तिला आसेगाव खोटं ठरायला नको होतं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात तिला शिकार मिळाली. जड कामात, म्हणजे लग्नात, जुनं कर्नेल एकतीस मिनिटं घेत होतं आणि नवं सदतीस. एक दिवस नाही, सलग आठ दिवस. तिनं सुबक तक्ता केला आणि चौदा जणांना मेल टाकला, की नवं कर्नेल सेंटरांवर पाठवू नका, ते जड कामात मागे पडतंय. पाठवून झाल्यावर तिनं पवनकडून अख्ख्या दुधाचा चहा मागवला, यावरून तिला काय वाटत होतं ते समजा.

सोमवारी वैजयंती मॅडमचा फोन आला. मॅडम म्हणजे तिच्या पुण्याच्या वरिष्ठ. त्यांचं बोलणं इस्त्री केल्यासारखं, कुठंही चुणी नाही, आणि रागसुद्धा त्या घडी घालून देतात.

"रंजीता, अगं, किती छान मांडलेस गं आकडे. सुबक. फक्त काय झालंय ना, आम्हाला इथे तसं दिसतच नाहीये. जुनं एकतीस, नवंही एकतीस."

"मॅडम, तुमच्याकडे एसी आहे."

"हो ना, आहे ना. म्हणूनच तर तू आहेस. मग तिथे नेमकं काय होतंय ते शोधून दाखव. शुक्रवारपर्यंत, हं. पुढच्या सोमवारी नवं कर्नेल तीनशे सेंटरांवर जायचंय आणि तुझ्या एका मेलवर ते थांबलंय. कारण सापडलं तर उत्तमच. नाही सापडलं तर मला वर सांगावं लागेल, की गावातून हे काम होत नाही. चालेल ना?"

'चालेल ना' इतकं गोड होतं, की रंजीता "हो मॅडम" म्हणून बसली आणि फोन ठेवल्यावर तिला ते लागलं.

फोन ठेवता ठेवता मॅडमनी एक विचारलं होतं, "क्रम बदलून पाहिलास का गं?" रंजीतानं पाहिला नव्हता. रोज सकाळी जुनं, दुपारच्या जेवणानंतर नवं, अशी सवय पडली होती. उन्हाची तिला काळजी नव्हती, कारण खोलीत थर्मामीटर होता आणि तो सकाळी चौतीस दाखवायचा, दुपारी तेहतीस. बाहेर चव्वेचाळीस असो, आपली खोली दुपारी उलट एक अंशानं गार, हे ती वहीत अभिमानानं लिहायची.

मंगळवारी तिनं क्रम बदलला. सकाळी नवं कर्नेल, एकतीस मिनिटं. दुपारी जुनं, सदतीस.

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. म्हणजे दोष नव्या मुकादमाचा नाही, जुन्याचाही नाही. दोष दुपारचा. पण दुपारी होतं काय? थर्मामीटर तर म्हणतो खोली गार. विजेचा दाब पाहिला, तर स्टॅबिलायझरचा काटा जागचा हलत नव्हता. तिनं प्लग बदलला. टेबल भिंतीपासून दूर ओढलं. खिडकीत एक खार येऊन बसायची, तिलासुद्धा वहीत घेतलं. सदतीस ते सदतीस.

बुधवारी आबा एसटीनं मेडशीला लग्नाला गेले, तिथल्या पाहुण्यांकडं. दुपारी रंजीतानं एकटीनं चाचणी लावली. जुनं, एकतीस. नवं, एकतीस. ती खुर्चीतून उठली, बसली, परत उठली. गुरुवारी आबा परत आले. एक वाजता खुर्चीत बसले, मेडशीच्या बुंदीवर टीका केली आणि डोळे मिटले. सदतीस.

रंजीतानं वहीत दोन ओळी लिहिल्या. आबा नसताना, एकतीस. आबा असताना, सदतीस. आणि पेन टेकवून ती आबांकडं अशी बघायला लागली, जसं मांजर शिंक्याकडं बघतं.

"आबा."

"हं."

"तुमच्या खिशात मोबाइल कोनता हाय?"

"बटनाचा. काहून?"

"थोडा बाहेर ठेवता काय?"

आबांनी ठेवला.

"अन् हातातलं कडं?"

"तांब्याचं हाय, वाताचं. तुले पाह्यजे काय?"

"काढून ठेवा नं पाच-पंचवीस मिनिटं."

कडं गेलं. मग तंबाखूची डबी गेली, पत्र्याची होती म्हणून. मग चष्मा. चाचणी परत लागली. आबा डोळे किलकिले करून स्वस्थ बसले, जसा फोटो काढायला बसवलेला माणूस. दोनला वीस मिनिटं असताना सुरू झालेलं लग्न दोन वाजून सतरा मिनिटांनी आटोपलं. सदतीस.

"झालं काय व?"

"नाही, आबा."

"मंग आता धोतरच राह्यलं, पोरी," आबा म्हणाले. "थे मी काही देत नाही."

रंजीताला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडूही येऊ बघत होतं. शुक्रवार उद्यावर होता. वैजयंती मॅडमला काय सांगायचं? जगदेव नावाचे गृहस्थ बसले की कॉम्प्युटर सहा मिनिटं हळू होतो?

तेवढ्यात रामीबाई आल्या. रामीबाई म्हणजे रंजीताची याडी, म्हणजे आई. पोरीनं सकाळपासून काही खाल्लं नाही हे ऐकून ज्वारीची भाकर आणि चटणी फडक्यात बांधून तांड्यावरून चालत आल्या होत्या. आबा पाणी प्यायला घरात गेले होते. रामीबाई उंबऱ्याशी टेकल्या, पदरानं वारा घेत पोरीचं काम बघत बसल्या. त्यांना स्क्रीनवरचं काही कळत नाही, म्हणून त्या नेहमी रंजीताचे हातच बघतात.

आबा परत आले, खुर्चीत बसले. रंजीता उजव्या हातानं वहीत आकडा लिहीत होती.

"रंजू," रामीबाई म्हणाल्या, "तुहा डावा हात काय करून राह्यला व?"

"कुठी काय करून राह्यला?"

"पाह्य नं."

रंजीतानं पाहिलं. तिचा डावा हात कूलरच्या लोखंडी स्टँडवर होता. स्टँडला चाकं होती. हातानं कूलर मशीनकडून ओढून आबांकडं वळवला होता आणि आता तो निवांत परत यायला निघाला होता, जणू चोरी करून आलेला.

कूलर घरघरत होता. आबांच्या टोपीखालचे दोन पांढरे केस त्या वाऱ्यानं डुलत होते, आणि त्यांच्या डोक्यावर, कॅलेंडरच्या खिळ्याला, थर्मामीटर लटकत होता. त्याच वाऱ्यात, झकास तेहतीस अंशांवर.

रंजीता उठली आणि मशीनच्या पाठीला हात लावला. तव्यासारखी तापलेली.

कॉम्प्युटरचं असं असतं, की फार तापला की तो आपणहून चाल कमी करतो, नाही तर जळून जाईल. मे महिन्यात बैल करतो तेच. सकाळी कूलर मशीनकडं असायचा. एक वाजता आबा आले की तो आबांकडं वळायचा, थर्मामीटर गार व्हायचा आणि मशीन भट्टीत. आबा उठले की कूलर परत मशीनकडं. दोन आठवडे रोज. रंजीतानं वहीत वीज लिहिली होती, ऊन लिहिलं होतं, खार लिहिली होती, पण कूलरचं तोंड लिहिलं नव्हतं. लिहिणार कशी? वडीलधारं माणूस दारात आलं की खुर्ची द्यायची, पाणी द्यायचं, वारा द्यायचा. ते काही काम नसतं, की माणूस वहीत मांडेल.

"म्हंजे दोष माहा निघाला," आबा चष्मा लावत म्हणाले.

"तुमचा नाही, आबा. माह्या हाताचा."

"हाताचा कायचा? तुह्या मायनं वळण चांगलं लावलं… त्याचा."

"घ्या!" रामीबाई म्हणाल्या. "आता माह्यावर आलं. मी भाकर घेऊन आली होती बाप्पा, माह्यावर कोनी काही नका लावू."

तिघंही हसली. मग आबा गंभीर झाले. म्हणाले, उद्यापासून मी घरीच पडत जाईन, सुनेसमोर जरा सावरून बसावं लागेल, पण तुझं काम बिघडायला नको. रंजीतानं मान हलवली. "तुमी याचं, आबा. उद्या तर याचंच."

आता तिच्यापुढं दोन वाटा होत्या. क्रम बदलून पाहिला आणि दोन्ही कर्नेलांत फरक सापडला नाही, एवढंच गुळमुळीत लिहून मोकळं होता आलं असतं. ते खोटं नव्हतं. चौदा जणांपैकी कोणाला कूलर, आबा आणि डावा हात कधी कळला नसता. पण मेल लिहायला बसली तेव्हा तिनं सरळ लिहिलं:

"माझे दोन आठवड्यांचे दुपारचे सगळे आकडे चुकीचे आहेत. दुपारी घरमालक येऊन बसतात तेव्हा मी कूलर मशीनकडून त्यांच्याकडे वळवते. मी असं करते हे मला माहीत नव्हतं. आज आईनं दाखवलं. थर्मामीटरही चुकीच्या भिंतीवर होता. नव्या कर्नेलचा काही दोष नाही. चूक माझी."

हा मेल संध्याकाळी सहाच्या सुमारास जाणार होता आणि तो जाण्याआधीच मी तिथं पोचले; मी म्हणजे तांड्यावरचीच, रंजीताताईच्या शेजारची पोर. अख्ख्या आसेगावाला पाच वाजताच कळलं होतं, की आबांमुळं कॉम्प्युटर बिघडतो. पवन तर सांगत होता, आबांच्या पोटात चुंबक निघालं. मी मेल वाचला आणि माझा जीव वर आला.

"ताई, हे पाठवशील तर सोमवारी खोलीले कुलूप."

"नाही लागत."

"चौदा जनाले सांगून राह्यली, की कूलर फिरवला म्हून आकडे चुकले! हसून-हसून काढतील तुले."

"हसतील. काढनार नाहीत."

"कायच्या भरोशावर म्हन्ते व?"

"बापूच्या टोळीत जो गडी स्वतःहून सांगते की माही मोळी कमी भरली, त्याले बापू दुसऱ्या साली पह्यले बोलावते. जो सांगत नाही त्याची मोळी रोज मोजावं लागते. एवढ्या कामात कोनाले येळ हाय रोज मोजाले?"

"पुन्यात टोळी नसते, ताई. लाव पैज."

"कायची?"

मला त्या क्षणी रस्त्यावर टरबुजांचा ढीग दिसला, म्हणून मी टरबूज म्हटलं. जी हरेल तिनं चांगलं मोठं टरबूज डोक्यावर घेऊन तांड्याचा चढ चढायचा, भर उन्हात. रंजीतानं माझ्या हातावर टाळी दिली आणि त्याच हातानं मेल पाठवून टाकला.

शुक्रवारी अकराला फोन वाजला. रंजीता उचलेचना. रामीबाईंनी कोपरानं ढोसलं तेव्हा उचलला.

पलीकडून वैजयंती मॅडम म्हणाल्या, "रंजीता, ते आजोबा रोज येतात?"

"रोज, मॅडम. एक वाजता."

"बरं. आणि बाकीच्या सेंटरांवर?"

"सगळीकडे कोणी ना कोणी आबा असतोच."

"आणि कूलर कोणाकडे असतो?"

"आबांकडे. माणूस बसलेला असताना मशीनला वारा कोण घालणार, मॅडम?"

पलीकडून एक आवाज आला, तो हसण्याचा होता हे कळायला रंजीताला जरा वेळ लागला, कारण मॅडम हसतानाही चुणी पडू देत नाहीत.

"म्हणजे आम्ही इथे गारव्यात बसून जे मोजतोय ना, तसं मशीन आपल्या तीनशेपैकी एकाही सेंटरवर चालत नाही. हे तू मला तीन महिने नुसतं सांगत होतीस गं. आज दाखवलंस. आता असं कर, दोन्ही कर्नेल, तिन्ही कामं, आजोबा असताना आणि आजोबा नसताना. रविवारपर्यंत मला दे. आणि थर्मामीटर मशीनजवळ लाव, प्लीज."

शुक्रवारी दुपारी आबा साडेबारालाच आले. अंघोळ करून, धुतलेली टोपी घालून.

"हालू काय मधे-मधे?" त्यांनी विचारलं.

"रोजच्यासारखे बसा, आबा."

"रोजच्यासारखा म्हंजे घोरू बी?"

"घोरा."

तीन दिवस हे चाललं. लग्न आबा नसताना दोन्ही कर्नेलवर एकतीस मिनिटांत लागलं, आबा असताना दोन्हींवर सदतीस. फोटोंत तर फरकच नाही. पण चाळीस शेतकऱ्यांत गंमत निघाली. आबा नसताना दोघंही चार मिनिटांत उरकायचे. आबा असताना, म्हणजे मशीन तापून हळू झाल्यावर, जुन्याला सात मिनिटं लागायची आणि नव्याला साडेपाच. नवा मुकादम तापलेल्या टोळीकडून बारकी कामं जास्त हुशारीनं करून घेत होता. हे पुण्याच्या एसीत जन्मात दिसलं नसतं.

सोमवारी नवं कर्नेल तीनशे सेंटरांवर गेलं. रंजीताचा पहिला मेल कंपनीच्या यादीत अजून आहे, 'मागे घेतला' असा शेरा मारलेला. तो काढून टाकायची सोय आहे, पण ती काढत नाही. तिच्या तक्त्यात मात्र एक नवा रकाना आला, 'आबा', आणि त्याखाली 'आहेत' किंवा 'नाहीत'. ऐकून आहे, की पुण्यातले लोकही आता मशीन मुद्दाम तापवून चाचणी घेतात आणि एकमेकांना विचारतात, "आबा लावून पाहिलंस का रे?" जगदेव आबांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ थांबले. आम्हाला वाटलं संपलं. मग म्हणाले, "पुन्याले मी… एकदाच गेलतो. मुतखड्यासाठी."

एकतीस तारखेला पत्र आलं. रंजीता राठोड, कायम, कामाचं ठिकाण आसेगाव.

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता मी डोक्यावर टरबूज घेऊन तांड्याचा चढ चढत होते. पुढं रंजीताताई छत्री घेऊन, मागं रामीबाई, आणि चढाच्या तोंडाशी लखीराम काका खाटेवर बसून ओरडत होते, "मान सरळ ठेव व पोट्टी, मान!" वर पोचल्यावर टरबूज कापलं तर आतून पांढरंफटक. रामीबाईंनी तरी मीठ लावून सगळ्यांना एक-एक फोड दिली. रंजीताताईनं आपली फोड चावली, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "हे टरबूज नाही, हा भोपळा हाय. पैज टरबुजाची होती."

मी पुन्हा चढ उतरले.